निरसं दूध, पनीर आणि ताजं चीज यांची जंतुतपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातली रतीब लावणारी घरं, मांजरी-मुळशीकडचे गोठेवाले आणि घरच्या घरी पनीर, मोझरेला करून विकणारे, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भेसळीचे प्रश्न (पाणी, युरिया, स्टार्च) वगळले आहेत. तो विषय वेगळा.

१. निरसं दूध प्यायला काय हरकत आहे? आमचे आजोबा रोज धारोष्ण दूध प्यायचे.

निरसं म्हणजे धार काढल्यापासून एकदाही न तापवलेलं. धारोष्ण दूध ३७-३८ अंशांवर असतं आणि नेमकं हेच तापमान बहुतेक रोगजंतूंना मानवतं. रोज पिणाऱ्याला रोज बाधा होत नाही, कारण प्रत्येक गाय-म्हैस रोज जंतू सोडत नाही. घरच्या एकाच गाईचं ताजं दूध पिणं आणि चाळीस जनावरांचं एकत्र केलेलं, दोन तास स्कूटरवर हिंडलेलं दूध पिणं यातही फरक आहे. एका बाधित जनावराचं दूध त्या सगळ्या कॅनभर पसरतं.

२. वास नाही, चव चांगली, लॅक्टोमीटर २८ दाखवतो. मग तपासायचं काय उरलं?

लॅक्टोमीटर फक्त घनता मोजतो. दुधात पाणी घातलंय का, याचा अंदाज त्यातून येतो. जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही. वास आणि चवही फसव्या आहेत. दूध आंबवणारे जंतू बहुतेक वेळा निरुपद्रवी लॅक्टिक जातीचे असतात, आणि साल्मोनेला किंवा लिस्टेरिया असलेलं दूध मजेत गोड लागतं. नासलेलं दूध आपण टाकून देतो म्हणून बरं. न नासलेल्याचीच काळजी जास्त.

३. प्रयोगशाळेत नेमके कोणते जंतू शोधतात?

तपासण्या तीन पायऱ्यांच्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली एकूण जंतुसंख्या: दूध किती स्वच्छ काढलं आणि किती लवकर थंड केलं, ते कळतं. दुसरी निर्देशक जंतू, म्हणजे कोलिफॉर्म आणि ई. कोलाय: शेण, घाणेरडं पाणी किंवा न धुतलेले हात कुठेतरी लागले आहेत, याची ती खूण. तिसरी प्रत्यक्ष रोगजंतू: साल्मोनेला, लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस, स्टॅफिलोकोकस ऑरियस. ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतात. ते जनावराकडून शोधायचे (प्रश्न ८). ‘सगळ्या जंतूंची टेस्ट करा’ असं सांगितलं तर बहुधा पहिल्या दोन पायऱ्याच होतात. हवं त्या जंतूचं नाव अर्जावर लिहा.

४. आम्ही दूध तापवूनच पितो. मग तपासणीचा खटाटोप कशाला?

घरी पिण्यापुरतं असेल तर खरंच नको. ढवळत तापवून एक उकळी आणली की साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय, ब्रुसेला, क्षयाचे जंतू सगळे मरतात. ही पद्धत मोडू नका, कुणी ‘ए२ दूध आहे, कच्चंच घ्या’ म्हणालं तरी. ए२ हा दुधातल्या प्रथिनाचा प्रकार आहे, त्याचा जंतूंशी काही संबंध नाही.

उकळीला दोन अपवाद: बॅसिलस सेरियसचे बीजाणू आणि स्टॅफिलोकोकसचं विष (प्रश्न १६). तपासणी कामाची ठरते ती दूध गोळा करणाऱ्याला, पनीर-चीज करून विकणाऱ्याला आणि गोठ्यात दोष कुठे आहे ते शोधणाऱ्याला.

५. गोठ्यावर किंवा घरी करता येईल अशी एखादी चाचणी आहे का?

मेथिलीन ब्लूची चाचणी, म्हणजे एमबीआरटी. जंतू दुधातला प्राणवायू वापरतात, तसा निळा रंग उडत जातो. जितके जंतू जास्त तितका रंग लवकर उडतो.

झाकणाच्या काचेच्या नळ्या धुऊन पाण्यात वीस मिनिटं उकळा. प्रत्येक नळीत १० मिली दूध आणि १ मिली मेथिलीन ब्लूचं प्रमाणित द्रावण घ्या. रंग गोळ्यांच्या रूपात मिळतो. माशांच्या टाकीत टाकायचा घ्यायचा नाही, त्याची तीव्रता वेगळी असते. झाकण लावून एकदा हलकेच उलटी करा आणि नळ्या ३७ अंशांच्या पाण्यात, अंधारात ठेवा. उजेडानेही रंग उडतो, इथे बरेच जण फसतात. पाण्याची पातळी नळीतल्या दुधाच्या वर हवी. दर अर्ध्या तासाने पाहा. वरचा ५ मिलिमीटरचा पट्टा सोडून बाकी दूध पांढरं झालं की वेळ लिहा.

सोबत दोन नळ्या तुलनेसाठी हव्यातच: एकीत तीन मिनिटं उकळलेलं दूध अधिक रंग (ही निळी राहायला हवी), दुसरीत दूध अधिक साधं पाणी (पांढरा कसा दिसतो ते कळायला). पहिल्या नळीचाच रंग उडाला तर दोष दुधात नसून नळी, पाणी किंवा उजेडात आहे.

भारतीय मानकानुसार निरस्या दुधाची प्रत अशी: ५ तास किंवा जास्त टिकला तर फार चांगलं, ३ ते ४ तास चांगलं, १ ते २ तास बरं, अर्ध्या तासाच्या आत उडाला तर वाईट. रोगजंतू आहेत की नाहीत, हे मात्र या चाचणीतून कळत नाही.

६. रंग सहा तास टिकला, तरी प्रयोगशाळेने जंतू भरपूर असल्याचं कळवलं. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. बल्क कूलरमधल्या किंवा फ्रिजमधल्या दुधात थंडीत वाढणारे जंतू असतात आणि ते हा रंग फारच सावकाश उडवतात. थंड दुधावर ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे. ती कॅनमधल्या, न थंड केलेल्या दुधासाठी आहे.

दुसरी शक्यता प्रतिजैविकांची. दगडी (कासदाह, प्रश्न ७) झालेल्या गाईच्या कासेत प्रतिजैविकाची नळी सोडली आणि औषधावर लिहिलेले दिवस न पाळता दूध घातलं, तर ते औषध जंतूंची वाढ रोखतं आणि रंग टिकून राहतो. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्या दुधाचंही तसंच. त्यामुळे संशयाने पाहावं असं दूध म्हणजे ज्याचा रंग हटत नाही आणि ज्याचं विरजणही लागत नाही ते.

७. गाईच्या एका सडातून दुधात गाठी येतात. बाकीच्या तीन सडांचं दूध चालेल का?

गाठी, पाणचट दूध, गरम सुजलेली कास ही उघड दगडी, म्हणजे कासदाह. त्या जनावराचं कुठल्याच सडाचं दूध कॅनमध्ये घालायचं नाही. खरी अडचण छुप्या दगडीची असते. दूध पांढरंशुभ्र दिसतं, पण त्यात पेशी आणि बहुतेकदा स्टॅफिलोकोकस असतात.

त्यासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) चाचणी. चार खाचांचं पॅडल घ्या, पहिल्या दोन-तीन धारा सोडून प्रत्येक सडाचं दूध आपापल्या खाचेत घ्या. पॅडल तिरकं करून जादा दूध सांडा, म्हणजे प्रत्येकात साधारण ३ मिली उरतं. तितकंच सीएमटी द्रावण घालून १० सेकंद गोल फिरवा. पातळ राहिलं तर ठीक. शेंबडासारखं चिकट झालं, मधोमध गोळा जमला, तर तो सड बाधित. लगेच वाचा, कारण काही वेळाने सौम्य परिणाम विरून जातो. नुकत्याच व्यालेल्या आणि आटत आलेल्या जनावरांत ही चाचणी उगाचच होकारार्थी येते.

८. आमच्याकडे म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. दूध तपासून कारण कळेल का?

ब्रुसेलाचा संशय घ्या आणि पशुवैद्यकाला आधी बोलवा. वार, मेलेलं वासरू उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेला माणसाला दुधाइतकाच तिथूनही होतो. माणसात तो येऊन-जाऊन राहणारा ताप, घाम, सांधेदुखी असा महिनोन्महिने छळतो आणि बऱ्याचदा टायफॉइड समजून औषधं चालू राहतात.

दुधावरची चाचणी आहे ती मिल्क रिंग टेस्ट. दुधात रंगवलेलं प्रतिजन (मेलेल्या ब्रुसेला जंतूंचं द्रावण) घालून ३७ अंशांवर तासभर ठेवतात. वर आलेल्या सायीत निळं कडं दिसलं तर होकारार्थी. ती कळपाच्या एकत्र दुधावर चाळणी लावण्यासाठी आहे. चीक, दगडी किंवा आटत आलेलं दूध असेल तर चुकीचा होकार येतो. एकेका जनावराचा निकाल रक्ताच्या तपासणीवरच लागतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवणं सोयीचं. लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना देतात, मोठ्या जनावरांना नाही.

९. प्रयोगशाळेसाठी नमुना कसा घ्यायचा?

निम्मे अहवाल इथेच बिघडतात. बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक आणा. कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही. कॅनमधलं दूध निर्जंतुक दांड्याने वरपासून तळापर्यंत ढवळा, कारण साय वर येताना जंतूही सोबत घेऊन येते. पळी आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. २५० मिली पुरेल. झाकण उघडल्यावर त्याची आतली बाजू खाली टेकवू नका, हातात धरा. बाटली काठोकाठ भरू नका.

पनीर २५० ग्रॅम, जमल्यास एकाच खेपेचे पाच वेगवेगळे तुकडे. पाकीट बंद असेल तर न उघडताच द्या. थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवा, पण बर्फाचं पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नका. गोठवू तर मुळीच नका. त्याच दिवशी पोचवा, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. एप्रिल-मेमध्ये कात्रजहून स्कूटरच्या डिकीत, बर्फाशिवाय आणलेला नमुना प्रयोगशाळेने परत पाठवला तर रागावू नका.

बाटलीवर वेळ, तारीख, जनावर की कॅन, आणि दूध निरसं की तापवलेलं, ते लिहा.

१०. एकाने सांगितलं, नमुन्यात फॉर्मेलिनचे थेंब टाका म्हणजे टिकतो.

तो रासायनिक तपासणीचा नियम. अन्न सुरक्षा अधिकारी फॅट, एसएनएफसाठी (फॅट सोडून बाकीचे घन घटक) दुधाचा नमुना घेतात तेव्हा ०.४ टक्के फॉर्मेलिन घालतात. जंतुतपासणीच्या नमुन्यात घातलंत तर सगळे जंतू मरतील आणि तुम्हाला अतिशय सुंदर, पूर्णपणे खोटा अहवाल मिळेल.

११. पुण्यात तपासणी कुठे होते?

खासगी प्रयोगशाळा निवडताना ती एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) यादीत आणि एनएबीएल-मान्य (एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) आहे, एवढं पाहून थांबू नका. तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत ‘सूक्ष्मजीवशास्त्र’ आणि ‘दूध व दुग्धजन्य पदार्थ’ दोन्ही आहेत का, ते विचारा. अनेक ठिकाणी मान्यता फक्त रासायनिक तपासणीची असते. राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळाही पुण्यात आहे, पण तिथे नमुने प्रामुख्याने सरकारी यंत्रणेमार्फत जातात.

१२. दुकानातल्या पनीरचा संशय आहे. ग्राहक स्वतः तपासून घेऊ शकतो का?

हो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो आणि नमुना पोचल्यापासून १४ दिवसांत अहवाल मिळायला हवा. पदार्थ नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे. अट एकच, आणि ती लोकांना माहीत नसते: विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हे मी तपासणीसाठी घेतोय. घरी येऊन दोन दिवसांनी आठवलं तर हा मार्ग बंद. मग एफडीएकडे (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) तक्रार करून त्यांनाच दुकानातून नमुना घ्यायला लावायचं.

१३. अहवालात ‘<१०’ लिहिलंय. म्हणजे शून्य का?

नाही. पनीर दहापट पातळ करून त्यातलं १ मिली प्लेटवर ओतलं आणि एकही ठिपका (जंतूंची वसाहत) उगवला नाही, तर एवढंच म्हणता येतं की ग्रॅममागे दहापेक्षा कमी. शून्य म्हणायची सोय त्या पद्धतीत नाही.

साल्मोनेला आणि लिस्टेरियापुढे आकडा नसतो, ‘२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित’ असं असतं. नियम एकाच खेपेचे पाच नमुने घेऊन पाचही ‘अनुपस्थित’ मागतो. तुम्ही एकच तुकडा दिला असेल तर तो अहवाल त्या तुकड्याचा, अख्ख्या खेपेचा नव्हे.

एकूण जंतुसंख्येचा हिशोब असा: दूध हजारपट पातळ केलं, प्लेटवर १४२ ठिपके आले, तर मिलीमागे १ लाख ४२ हजार. निरस्या दुधाला २ लाखांपर्यंत फार चांगलं, १० लाखांपर्यंत चांगलं, ५० लाखांपर्यंत बरं, त्यापुढे वाईट असं मानतात. पाश्चराइज्ड दुधाला हे आकडे लावू नका. तिथली मर्यादा हजारांत असते.

१४. अहवालाला आठवडा लागतो. तोवर पनीर विकून संपतं. मग उपयोग काय?

खरं आहे. कोलिफॉर्म एका दिवसात कळतं, स्टॅफिलोकोकसला दोन-तीन दिवस, साल्मोनेलाला चार-पाच, लिस्टेरियाला आठवड्याच्या आसपास, कारण थोडेसे जंतू आधी पोषक द्रावणात वाढवावे लागतात. म्हणून ताज्या पनीरची प्रत्येक खेप तपासून मग विकायची, हे जमत नाही. रोज तापमान लिहायचं, आठवड्याला कोलिफॉर्म करायचं आणि रोगजंतू काही महिन्यांनी एकदा, शिवाय दूधवाला, कपडा, पाणी यातलं काही बदललं की लगेच. कोलिफॉर्म वाढलेलं दिसलं की रोगजंतूंच्या अहवालाची वाट न पाहता प्रश्न १५ मधली ठिकाणं तपासा.

१५. पनीरसाठी दूध नव्वद अंशांपर्यंत तापवतो. तरी कोलिफॉर्म निघाले. कुठून आले?

तापवल्यानंतर आले. सायट्रिक ॲसिडने फाटलेल्या दुधात त्या क्षणी कोलिफॉर्म नसतात. ते पुढच्या दोन तासांत चार ठिकाणी भेटतात.

पहिलं, मलमलचा कपडा. दिसायला पांढरा, पण विणीत कालचा चोथा अडकलेला. साबणाने धुऊन वाळवणं पुरत नाही; प्रत्येक खेपेआधी वीस मिनिटं उकळायचा आणि ओला असतानाच वापरायचा. कपडा नळावर टांगून ठेवायची सवय फार घरगुती कारखान्यांत दिसते.

दुसरं, गार पाणी. दाबलेलं पनीर ज्या पाण्यात दोन-तीन तास बुडवतात ते टाकीतलं, आणि टँकरच्या दिवसांत तर कुठलंही असतं. उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि दर खेपेला बदला. बर्फ टाकत असाल तर तो खायच्या पाण्याचा हवा. माशांच्या गाडीवरचा नको.

तिसरं, लाकडी पाट आणि दाबायला ठेवलेला दगड. चौथं, कापणारे हात.

शोधायचं कसं? कपडा, पाट, दगड आणि हात यांवरून प्रयोगशाळेचे निर्जंतुक बोळे फिरवून घ्या, १० बाय १० सेंटिमीटर जागेवरून, आणि सोबत १०० मिली पाणी द्या. पाण्यात कोलिफॉर्म असता कामा नयेत, एकही. एका दिवसाच्या चार बोळ्यांनी जे कळतं ते पनीरचे दहा अहवाल सांगत नाहीत.

१६. अहवालात स्टॅफिलोकोकस जवळजवळ नाही, तरी पनीर खाऊन चार जणांना उलट्या झाल्या.

हे शक्य आहे. हा जंतू दगडीच्या दुधातून किंवा कापलेल्या-पिकलेल्या बोटातून येतो. ग्रॅममागे लाखाच्या घरात गेला की तो विष सोडतो. नंतर दूध तापवलं तर जंतू मरतो, विष मात्र उकळीलाही दाद देत नाही. म्हणजे गोठ्यावर चार तास गरम राहिलेलं दूध आणून कितीही कडक तापवलं तरी धोका उरतो, आणि जंतू मोजणारी तपासणी साफ येते. अशा वेळी एन्टरोटॉक्सिनची, म्हणजे या विषाची, वेगळी तपासणी मागा. लक्षणांवरूनही अंदाज येतो: खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या, ताप जवळपास नाही.

१७. मोझरेला गरम पाण्यात ताणतो. तेवढ्याने निरस्या दुधातले जंतू मरत नाहीत का?

भरवशाने नाही. पाणी ८० अंश असलं तरी गोळ्याचा गाभा ५५-६० च्या आसपास राहतो, तोही काही मिनिटंच. परदेशात निरस्या दुधाचं चीज ६० दिवस मुरवून विकण्याचा नियम ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. तो मुरलेल्या, कोरड्या, आंबट चीजसाठी आहे, आणि तिथेही तो पुरेसा नसल्याचं दिसलंय. मोझरेला, रिकोटा, पनीर ही ओली आणि कमी आंबट. लिस्टेरिया फ्रिजमध्ये ४ अंशांवरही वाढतो, त्यामुळे ताजं चीज जितके दिवस ठेवाल तितका तो वाढत जातो. दूध आधी पाश्चराइज करा.

१८. घरच्या पातेल्यात पाश्चराइज करता येतं का?

येतं. ६३ अंशांवर सलग ३० मिनिटं, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद. पातेल्यात पहिलंच जमतं. दूध सतत ढवळा, झाकण ठेवा. वरचा फेस आणि कडेचे शिंतोडे थंड राहतात आणि नेमके तेच परत दुधात पडतात. वेळ ६३ गाठल्यावर मोजायला सुरुवात करा. मध्ये ६१ झालं तर घड्याळ पहिल्यापासून.

थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासताना एक गंमत होते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळतं. १०० दाखवणारा थर्मामीटर पुण्यात दोन अंश पुढे आहे, म्हणजे तुमचे ६३ प्रत्यक्षात ६१ असतील. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, तेही पाहा.

पाश्चरायझेशन नीट झालं का हे प्रयोगशाळा फॉस्फेटेज चाचणीने सांगते. निरस्या दुधातलं हे विकर (एन्झाइम) याच तापमानाला नष्ट होतं. ते सापडलं तर दूध कमी तापलं किंवा नंतर निरसं दूध मिसळलं.

१९. पाणी तपासायची काळी होणारी बाटली दुधाला वापरली तर?

नको. ती एच२एस बाटली पाण्यासाठी आहे. दुधात तिचा निकाल वाचता येत नाही. गोठ्यातलं, भांडी धुवायचं पाणी तपासायला मात्र जरूर वापरा.

२०. पेट्रीफिल्म (जंतू उगवायची तयार फिल्म) आणून घरीच कोलिफॉर्म मोजले तर?

छोट्या उत्पादकाला चांगला मार्ग. १ मिली पातळ केलेला नमुना, ३५ अंश, २४ तास. वायूचा बुडबुडा असलेले लाल ठिपके मोजायचे. ३५ अंश खरंच ३५ हवेत, ओव्हनचा दिवा चालत नाही. वापरलेल्या फिल्म कचऱ्याच्या गाडीत टाकू नका: प्रेशर कुकरमध्ये, त्यासाठीच ठेवलेल्या, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास. साल्मोनेला, लिस्टेरिया घरी वाढवायचा विचारही करू नका.

२१. शेळीच्या दुधाला हेच नियम?

जवळपास, दोन फरकांसह. शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, म्हणून सीएमटीत सौम्य चिकटपणा आला तरी दगडी समजू नका. आणि ब्रुसेलाची रिंग टेस्ट शेळीच्या दुधावर भरवशाची नाही, रक्तच तपासावं. शेळ्या-मेंढ्यांतली ब्रुसेलाची जात माणसाला गाईच्या जातीपेक्षा जास्त त्रास देते, हे डेंगीनंतर शेळीचं कच्चं दूध शोधत फिरणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

२२. घरात कुणी आजारी पडलं आणि पनीरवर संशय आहे. आता काय करू?

उरलेलं पनीर टाकू नका, मोलकरणीला देऊ नका. आहे त्याच पाकिटात, दुसऱ्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. पाकिटावरचा बॅच क्रमांक, परवाना क्रमांक यांचा फोटो काढा. सुटं घेतलं असेल तर पावती, दुकान, वेळ लिहा. कुणी काय, किती वाजता खाल्लं आणि त्रास कधी सुरू झाला, त्याची यादी करा. डॉक्टरांना आणि एफडीएला दोघांनाही पहिल्यांदा हीच लागते. प्रतिजैविक सुरू करण्याआधी शौचाचा नमुना द्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा. औषधानंतर जंतू सापडणं अवघड होतं. घरात गर्भवती असेल आणि तिने तेच पनीर खाल्लं असेल, तर आज त्रास नाही म्हणून सोडून देऊ नका. लिस्टेरियाची लक्षणं कित्येक आठवड्यांनी, साध्या तापाच्या रूपात येतात. तिच्या डॉक्टरांना पनीरचा उल्लेख आजच करून ठेवा.